पेन पाहून घेणारं मशीन

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतोय. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या माडीवर पैंजण वाजतात... मी वाचतो, चहा पितो आणि घोरत पडतो. भीती वाटत नाही, कारण माझा मुळात विश्वासच नाही. माझ्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव्हारा, अंगारा, दारावरची लिंबू-मिरची, सगळं एका टोपल्यात भरून बाहेर काढलं. मी त्यानंतर जन्मलेला. आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्याच्या घरी कुणी पाहुणा "बाहेरचं काहीतरी लागलं" म्हणाला, की वडील एवढंच विचारायचे, "कोनं पाह्यलं? नाव सांग त्याचं." पाहुण्याचं तोंड बंद! नाव कधीच कुणाला सांगता यायचं नाही. पुढे मी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, म्हणजे जी काय शंका उरली असेल तीही गेली.

तरी हे लिहितोय. ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्या काकू नुकत्याच गेल्या, आणि आता माझ्याशिवाय ती कुणाला नीट माहीत नाही. नावं बदललेली आहेत. बाकी जसं घडलं तसं.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. मी धंतोलीतल्या एका लहानशा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. इंजिनिअर म्हणजे काय, स्कूटरच्या डिकीत मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि डोक्यात गरमी! सिव्हिल लाइन्समध्ये एका खाजगी कन्सल्टिंग फर्मचं ऑफिस होतं. नळयोजना, कळमन्याकडची गोदामं, असल्या कामांचे नकाशे तिथे निघत. त्यांनी बाहेरून पेन प्लॉटर मागवला आणि तो बसवायचं काम माझ्याकडे आलं.

आजच्या मुलांना प्लॉटर म्हणजे काय ते सांगावं लागेल. प्रिंटर ठिपके मारतो. पेन प्लॉटर खरंच पेन धरतो आणि रेषा ओढतो. पेन डावीकडून उजवीकडे पळतं, कागद पुढे-मागे सरकतो. दोन मोटरी – एक पेनाची, एक कागदाची. एकटी पेनाची मोटर चालली तर आडवी रेष, एकटी कागदाची चालली तर उभी. दोन्ही मिळून चालल्या तरच तिरकी. एवढं फक्त लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मशीन आलं तेव्हा ड्रॉइंग हॉलमधल्या ड्राफ्ट्समन लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'डब्बा'. राग साहजिक होता. पोटावर पाय यायची वेळ. बावणे नावाचे सगळ्यात जुने ट्रेसर तर त्याच्या खोलीत पाय ठेवायचे नाहीत. "एसीची हवा सोसत नाई मले," म्हणायचे. एकच माणूस त्या डब्ब्याच्या प्रेमात पडला – वामनराव पराते. पन्नाशीचा, सडपातळ, शर्टाच्या खिशाला कायम शाईचा डाग. टांडापेठेतलं विणकराचं घर. बापानं आयुष्यभर मागावर करवती काठाची लुगडी विणली, मुलगा बोर्डावर नकाशे काढायला लागला. जेवणाच्या सुट्टीत पराते डबा घेऊन प्लॉटरच्या खोलीत येत, एक लाकडी स्टूल ओढून मशीनजवळ बसत आणि भाकर मोडता मोडता ते पेन पळताना पाहत. सिनेमा पाहावा तसं!

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मला म्हणाले, "मेश्राम भाऊ, मशीन चांगली हाय तुमची. पन एक खोट हाय."

"काय?"

"पेन नाई पाहत."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. शाईचं पेन हातात घेतलं की ड्राफ्ट्समन एकदम नकाशावर टेकवत नाही. आधी चौकटीच्या बाहेर, कोपऱ्यात, दोन-चार रेघा मारून बघतो – शाई उतरते का, तुटते का. त्याला म्हणायचं पेन पाहणं. प्रत्येकाची रेघ वेगळी. कुणी आठ काढतो, कुणी वेटोळं. नकाशा झाला की ती कडेची पट्टी कापून टाकतात, म्हणून बाहेर कुणाला पत्ताच नसतो. आणि मशीन मात्र पेन उचलतं ते थेट कामाला लागतं. त्यामुळे त्याची पहिली रेष नेहमी तुटकी. हे खरंच होतं हो. प्लॉटरवाल्यांची ती जगभरची रड होती.

"याले पेन पाहाले शिकवा ना भाऊ," पराते म्हणाले.

"परातेजी, मशीन आहे ते. सांगितलं तेवढंच करतं."

"आपुनबी तसेच होतो. कोनंतरी शिकवलंच ना." आणि हसून डबा धुवायला गेले.

दिवाळीनंतर पराते पडले. बोर्डावर काम करता करता हातातून पेन सुटलं आणि माणूस स्टुलावरून खाली. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात काही दिवस ठेवून घरी पाठवलं. मी ऐकलं, हळहळलो. पण माझा त्यांचा संबंध तो केवढा... भेटायला गेलो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी फर्मच्या साहेबांचा फोन. "मेश्राम, तुमचं मशीन पागल झालं आहे. येऊन पाहा." गेलो. साहेबांनी नकाशा समोर टाकला. नकाशा ठीक होता. पण चौकटीच्या बाहेर, डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी दातेरी रेघ. करवतीच्या पात्यासारखे चार-पाच दात, आणि शेवटचा दात उलटा, खाली तोंड करून.

"प्रत्येक शीटवर येते," साहेब म्हणाले. "आज मार्जिनमध्ये करवत चालवतं आहे, उद्या पाइपलाइनवर चालवेल. आणि मला वेगळाच शक आहे. या बावणेला मशीन डोळ्यांसमोर नको आहे. कोणी आत हात घातला असेल तर सांगा, मी आजच घरी पाठवतो त्याला."

मी म्हटलं, "साहेब, बोर्ड उघडायला स्क्रू ड्रायव्हर नाही, डोकं लागतं. आधी मला पाहू द्या."

आता इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला करवतीचे दात दाखवले की त्याच्या डोक्यात एकच येतं – सॉ-टूथ. पॉवर सप्लायचा फिल्टर कंडेन्सर सुकला की सरळ डीसीवर असेच दात उगवतात, स्कोपवर स्पष्ट दिसतात. ते चढउतार, म्हणजे रिपल, मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमध्ये गेले, मोटर थरथरली, पेनानं दात काढले. झालं निदान! ऐटीत सगळे मोठे कंडेन्सर बदलले. बदलल्यावर स्कोप लावला... सप्लाय काचेसारखा स्वच्छ. मग खटकलं म्हणून काढलेले जुने कंडेन्सर तपासले. तेही चांगले. नवीन शीट लावली. दात हजर. शेवटचा उलटा.

मग सुरू झाल्या माझ्या फेऱ्यांवर फेऱ्या. अर्थिंग तपासलं. पेन वर-खाली करणारी कॉइल बदलली. एसीच्या कॉम्प्रेसरमुळे लाइनमध्ये गडबड येत असेल म्हणून मशीनच उचललं. आधी ते दाराजवळच्या भिंतीला होतं, ते समोरच्या खिडकीखाली नेलं आणि वेगळी लाइन ओढून दिली. दात. कंप्युटरवर बसणाऱ्या मॅडम म्हणाल्या, माझ्या फाइलमध्ये असलं काही नाही. तेही पाहू म्हटलं. कंप्युटरची केबल उपटून बाजूला ठेवली आणि सेल्फ टेस्ट दिली. सेल्फ टेस्ट म्हणजे मशीनच्या आतल्या चिपमध्ये कारखान्यातच कायमचं भरलेलं चित्र. त्याला बाहेरून कुणी काही सांगत नाही, सांगू शकत नाही. पेन उचललं गेलं, कोपऱ्यात गेलं, शांतपणे दात काढले आणि मग टेस्टचं चित्र काढायला लागलं.

चिप बदलली. तरी दात.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसायला हवी होती, पण रागात दिसली नाही. त्या दिवसांत एकाही नकाशाची पहिली रेष तुटलेली नव्हती.

आणि ते स्टूल! मी मशीनच्या मागे वाकून काम करायचो आणि पाठ फिरवली की ते लाकडी स्टूल पायात यायचं. कोपऱ्यात नेऊन ठेवलं की पुढच्या खेपेला पुन्हा मशीनजवळ. खिडकीखाली नव्या जागी मशीन नेलं, तर स्टूलही तिथेच, मशीनच्या डाव्या अंगाला. मी मॅडमवर चिडलो. त्या म्हणाल्या, "मला खुर्ची आहे हो, मी कशाला स्टूल आणू?" कुणीतरी ठेवत असेल म्हणून मी सोडून दिलं.

शेवटी एका दुपारी मी ठरवलं की आज एकेक अवयव मारून पाहायचा. मॅडम सुट्टीवर होत्या. मी बावणेंना आत बोलावलं. म्हटलं, साहेब तुमच्यावर शक घेताहेत, तेव्हा तुम्ही समोर उभे राहा आणि पाहा. बिचारे दारात उभे राहिले, हात मागे बांधून. मी झाकण उघडलं आणि कागद सरकवणाऱ्या मोटरचं कनेक्टरच काढून हातात घेतलं. म्हणजे आता कागद हलणं शक्य नाही. पेन फक्त आडवं पळणार. दात काढायचे तर तिरकी रेष हवी, आणि एक मोटर मेलेली असताना तिरकी रेष निघत नाही. हे इलेक्ट्रॉनिक्ससुद्धा नाही, शाळेतली भूमिती आहे.

सेल्फ टेस्ट दिली.

पेन कोपऱ्यात गेलं. टेकलं. आणि कागद सरकला... पुढे, मागे, पुढे, मागे, अगदी हळू. एरवी मशीन कसं खटाखट सरकवतं, तसं नाही. हातानं सरकवल्यासारखा. मोटरचं कनेक्टर माझ्या मुठीत होतं. दात निघाले, शेवटचा उलटा निघाला, आणि त्यानंतर पेन नुसतंच डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे एकाच रेषेवर फिरत राहिलं. तेवढं बरोबर होतं. एका मोटरचं मशीन तेवढंच करू शकतं.

मी स्विच बंद केला. 

दारातून बावणेंचा आवाज आला. "भाऊ, तुमी कंडेन्सर बदलून राह्यले, चिप बदलून राह्यले... बदला. पन हे दात पराते काढे."

"काय?"

"तो असाच पेन पाहे. बापाच्या लुगड्याची करवत. आखरी दात उलटा काढे तो. म्हने, पेन थांबलं कुठं ते समजलं पाह्यजे." त्यांनी मागे बांधलेले हात सोडले. "पह्यल्या दिवशीच वळखलं म्या. बोल्लो असतो, तं साहेब म्हनले असते का तुमी लोकंच करून राह्यले."

ते मला हॉलमध्ये घेऊन गेले. परातेंच्या बोर्डावर कापड टाकलेलं होतं. कापड काढलं. बोर्डावर चिकटवलेला जाड कागद असतो, त्याच्या डाव्या कडेला खालपासून वरपर्यंत दात. शेकड्यांनी, काही पुसट, काही ठळक, एकावर एक. प्रत्येकाचा शेवटचा उलटा. मशीनच्या शीटची दातांची कडेची पट्टी मी फाडून आणली होती, ती त्याच्या शेजारी धरली. फरक नव्हता.

"कसे आहेत पराते?" मी विचारलं. आत्ता विचारलं, याची लाज वाटली.

"नुसता पडून हाय. एकडाव गेलो होतो, त्याच्यासमोर बसून रडून आलो, माह्याच्यानं एक शबद बोलवला नाई. डॉक्टर म्हनते समज गेली. वयनी बालवाडीत कामाले जाते, दिवसा पाहाले कोनी नाई. त्याचा भाऊ आला उमरेडहून. आज घेऊन जाते त्याले. मांगच्या खोलीत ठेवतो म्हने." बावणेंनी बोर्डावर कापड पुन्हा टाकलं. "आता कोनी वळखत नसन, तं नागपूर काय न् उमरेड काय."

मी का गेलो ते मला सांगता येणार नाही. भुताला भेटायला तर नक्कीच गेलो नाही. इतके दिवस मशीनमध्ये फॉल्ट शोधत होतो, तो मशीनमध्ये नाही एवढं कळलं होतं. मग जिथे असेल तिथे जाऊन पाहायचं, ही आमची पद्धत. हत्यारांचं किट तसंच खांद्याला लावून, बावणेंना स्कूटरवर मागे बसवून टांडापेठ गाठलं.

बोळातलं शेवटचं घर. पुढच्या खोलीत पूर्वी माग होता, त्याचा विणकरानं पाय सोडून बसायचा खड्डा फळ्या टाकून झाकलेला. त्याच्या पलीकडे, अगदी आतल्या भिंतीला खाट, आणि खाटेवर पराते, तोंड भिंतीकडे. दारात गाठोडं बांधून तयार होतं. परातेंच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पाणी दिलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. धाकटे भाऊ गुलाबराव भला माणूस, पण गडबडीत. खाटेजवळ उभं राहूनच मोठ्यानं सांगत होते, "याले काई समजत नाई भाऊ. माती झाली. वयनीनं किती दिवस करावं? तिकडं निदान पोट्टे-पाट्टे हायेत, पानी तं पाजतीन."

"त्यांच्यासमोर नका बोलू," मी म्हणालो. जरा जोरातच निघालं.

"अजी, त्याले..."

"नसेल समजत. तरी नका बोलू."

मी खाटेवर बसलो. परातेंना कुशीवरून वळवलं. चेहरा एका बाजूनं ओघळलेला, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. दातांची पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. काही नाही. "परातेजी, हे मशीननं काढलं. पेन पाहायला शिकलं ते." काही नाही. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "रोज सांगून पाह्यलं भाऊ. असेच पाह्यत राह्यतेत."

मी उठणारच होतो. पण रोजची सवय डोक्यात वळवळली. आमच्याकडे मशीन येतं, काहीच करत नाही, मालक म्हणतो मेलं. आणि दहात नऊ वेळा आतली मेमरी, विचार करणारा भाग, सगळं शाबूत असतं. फक्त बाहेर ढकलणारा ड्रायव्हर जळलेला असतो. उजवा ड्रायव्हर जळला होता. वाचेचा जळला होता. डावा कुणी तपासला होता?

किटमधून प्लॉटरचं काळं पेन काढलं. टोपण काढून खिशात ठेवलं. परातेंना उशीला टेकवून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर कोरा कागद, आणि पेन त्यांच्या डाव्या मुठीत दिलं. बोटं मीच मिटवली. सगळे पाहत होते. बाहेर बोळातून एक भाजीवाली ओरडत गेली. हात तसाच पडून राहिला, आणि मला वाटलं, मेश्राम, उगाच या बाईला आशा दाखवलीस.

मग हात सरकला. कागदाच्या डाव्या कोपऱ्याकडे, खाली. पेन टेकलं. थरथरत एक दात निघाला. दुसरा. तिसरा जरा फाटला. गुलाबराव वाकून पाहू लागले. शेवटचा दात उलटा, खाली तोंड करून.

"वामन..." बावणे एवढंच म्हणाले.

पण पराते थांबले नव्हते. पेन पाहून झालं होतं, आता काम करायचं होतं. त्यांनी एक चौकोन काढला. वाकडातिकडा, पण चारही कोपरे जुळवून. एका बाजूला फट आणि फटीला कमान – नकाशात दार असंच दाखवतात. खिडकी. मधे एक लांबट चौकोन, त्यावर तिरप्या रेघा.

"हे तं आपला मागाचा खड्डा!" काकू पुढे आल्या. "आपली खोली हाय हे!"

मग खाट काढली. चार पाय, उशीच्या जागी छोटा चौकोन. पण खाट आतल्या भिंतीला नाही काढली. दाराशी काढली, उशी अशी की पडल्या पडल्या बोळ दिसावा. पेन उचलून त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. आणि डावा हात चादरीवर काहीतरी चाचपायला लागला. पाटाखाली, उशीजवळ, पुन्हा पाटाखाली.

"काय पाह्यजे? पानी?" काकू विचारू लागल्या.

बावणेंना कळलं. "टोपन शोधून राह्यला तो," ते रडत म्हणाले. "शाई वाळन ना!"

मी खिशातून टोपण काढून दिलं. एका हातानं, पाटावर दाबून, त्यांनी ते पेनाला बसवलं. काकू तिथेच खाली बसल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या. आणि गुलाबराव, तो एवढा भलादांडगा माणूस, भावाचे पाय धरून बसला. "दादा, तुले समजते गा? सारं समजत होतं? मी तुह्यासमोर काय काय बोल्लो गा..." परातेंचा डावा हात त्याच्या डोक्यावर जाऊन पडला. पडला की ठेवला, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर ठेवला.

मग गुलाबरावच नाक पुसत उठले. "धरा भाऊ तिकडून." आम्ही खाट उचलून दाराशी लावली, नकाशात होती तशी. गाठोडं काकूंनी सोडलं. शेजारची एक म्हातारी दिवसा येऊन बसायला तयार झाली. उमरेड राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मोटरचं कनेक्टर लावलं, केबल लावली आणि शीट काढली. दात नव्हते. आणखी एक काढली. नव्हते. फक्त पहिली रेष दोन जागी तुटली होती, पूर्वीसारखी. साहेब खूश. "कंडेन्सरच होता ना शेवटी?" मी हो म्हणालो. बावणेंवरचा शक गेला. त्यानंतर तेच रोज सकाळी आत यायचे, एसी सोसत नसतानाही, आणि प्लॉटरची पेनं एकेक हातात घेऊन पाहून ठेवायचे.

मी अधूनमधून टांडापेठेला जायला लागलो. वाचा काही परत आली नाही, पण परातेंचा डावा हात हळूहळू चालायला लागला. काय हवं-नको ते काढून दाखवायचे. चहा, चष्मा, बोळातली भांडणं... हसायला यायचं. एकदा आम्ही दोघेच असताना मी धीर केला. विचारलं, "परातेजी, ते दात... मशीनवर... तुम्हाला काही माहीत आहे?"

त्यांनी पाट मागितला. कोपऱ्यात पेन पाहिलं. मग प्लॉटरची खोली काढली. दार, खिडकी, एसीची जागा, मॅडमची खुर्ची, आणि मशीन. मशीनच्या डाव्या अंगाला एक लहानसं गोल. स्टूल. त्या गोलावर बोट ठेवून, मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवून ते अर्ध्या तोंडानं हसले.

मी म्हणणार होतो, हो, तुम्ही बसायचे तिथे, आठवतं मला. आणि तेवढ्यात माझं लक्ष गेलं. मशीन खिडकीखाली काढलं होतं. परातेंनी ऑफिसात असताना पाहिलं ते मशीन दाराजवळच्या भिंतीला होतं. खिडकीखाली ते मी नेलं, फॉल्ट शोधताना, पराते आजारी पडल्यावर. बावणेंना विचारलं, मॅडमना विचारलं, साहेबांनाही आडून विचारलं. मशीन हलवल्याचं परातेंना कुणीच सांगितलेलं नव्हतं, आणि स्टुलाचा विषय तर मी मॅडमशिवाय कुणाकडे काढलाच नव्हता.

त्या संध्याकाळी घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग सवयीनं म्हणाले, "कोनं पाह्यलं? नाव सांग त्याचं."

"म्या पाह्यलं बाबा," मी म्हणालो.

 ते आईला म्हणाले, "याले जेवाले वाढ." त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. भुतांवर माझा आजही विश्वास नाही, आणि पराते तर तेव्हा जिवंत होते, म्हणजे हे भूतसुद्धा नाही. मग काय होतं, ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी इलेक्ट्रॉनिक्सवालं असेल आणि एका मोटरवर तिरकी रेष कशी निघते हे समजावून सांगेल, तर मी ऐकून घेईन.